सिस्टर काही सांगत नाही

अहो वहिनी, ऐकलंत का? त्या शेंगा राहू द्या घटकाभर, झाडावरच आहेत, कुठे जात नाहीत. या अशा कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, खालच्या आळीतलं कुणी ना कुणी सारखं नळावर असतं, आणि विषय त्यांच्याच घरचा.

त्यांची धाकटी सून हो. नर्स. पुण्यातली चालती नोकरी सोडून जूनपासून निवासी शाळेत लागली, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. हायवेच्या अंगाला आहे ती शाळा. नाव मी घ्यायची नाही, उद्या कुणी म्हणायचं पालीच्या बायका बदनामी करत सुटल्यात. पण लागली कशी, आणि लागल्यावर तिथे काय काय झालं... ते नाही ना कळलं? मग ऐका.

आधी सासूबाईंचं तोंड सांगते. एरंडेल प्यायल्यासारखं! "तीन वर्सं जीएनएम केलं, आयसीयूत काम केलं, आन आता पोरांची नाकं पुसाया जायाची? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे कोण, आपणच की. मी तिथेच बसले होते चहा घेत. खरं दुखणं पगाराचं होतं. शाळेत पगार कमी, पण नाइट ड्यूटी नाही, आणि लेकराला संध्याकाळी आई दिसते. सासरे एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला." झालं, सासूबाई गप्प. पण मला पायरीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा पुटपुटल्याच, "साळंत कसली आलीया नर्स? आमच्या येळंला हुती का?"

नव्हती, हे मात्र खरं. आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अजून तरी कुठे आहे? पण त्याचं नंतर.

तर काय सांगत होते... हां, पहिला दिवस. पहिल्या दिवशी सिक रूमची किल्लीच सापडेना! मला हे तिथल्या शिपाई मावशींनी सांगितलं, माझ्या माहेरच्या गावच्या आहेत त्या. क्लार्क म्हणाला, किल्ली पीटीच्या सरांकडे. पीटीचे सर म्हणाले, रेक्टरबाईंकडे. रेक्टरबाई म्हणाल्या, मागच्या बाई घेऊन गेल्या असतील. शेवटी कुलूप तोडलं. आणि आत काय असेल? ढोल, लेझीम, क्रिकेटचे स्टंप, गणपतीचं मखर. पलंगावर गॅदरिंगचे फेटे वाळत घातलेले. एखादं पोर तापानं फणफणलं तर निजवायचं कुठे, मखरात?

हिनं काही आवाज चढवला नाही. ओढणी खोचली आणि पीटीच्या सरांना म्हणाली, "सर, ढोल तुमचा, कपाट माझं. संध्याकाळपर्यंत वाटण्या करून टाकू." सर म्हणे नुसते बघतच राहिले. आजवर त्या खोलीत त्यांना कुणी हटकलंच नव्हतं.

मग कपाट उघडलं. अगं बाई! अर्धवट वापरलेली मलमं, चिकट झालेली खोकल्याची औषधं, कुणाच्या तरी वडिलांच्या नावाची गोळ्यांची पाकिटं. आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची फोडलेली बाटली. ती फोडली की महिनाभरात टाकून द्यायची असते हो, बाटलीवरची तारीख पुढची असली तरी. त्या बाटलीनं म्हणे दोन गॅदरिंगं बघितलेली. हिनं एकेक वस्तू टेबलावर मांडली, नाव, तारीख, किती उरलंय, सगळं कागदावर उतरवलं, आणि तो कागद घेऊन थेट प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे. "सर, ह्यातलं मुदत संपलेलं वेगळं काढलंय. ते गटारात ओतायचं नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायचं नाही, हॉस्पिटलच्या कचऱ्याबरोबर जायला हवं. इथे तुमची सही लागेल." साहेब म्हणाले, "सही? मी कशाला?" ही म्हणाली, "तुमच्यासमोर काढलं म्हणून." मावशी सांगत होत्या, साहेबांचा चेहरा असा पडला, असा पडला... पण सही केली.

मला विचाराल तर तिथेच तिनं बाजी मारली. नवीन माणूस पहिल्या दिवशी एक तर सगळ्यांना खूश करत बसतं, नाहीतर भांडतं. हिनं दोन्ही केलं नाही, यादी केली.

आणि ही काय एकच यादी? तिच्या वह्यांचं तर विचारूच नका. एक वही, कोण किती वाजता आलं, काय होतंय म्हणालं, काय केलं आणि परत वर्गात कधी धाडलं त्याची. दुसरी औषधांची. जवळच्या तारखेचं पुढे, लांबच्या तारखेचं मागे, आणि दर महिन्याला मोजदाद. शिवाय पोरागणिक एक कार्ड. वजन, उंची, नजर, कोणतं औषध सोसत नाही, शेंगदाण्याचं वावडं आहे का, दमा आहे का, आणि घरच्यांचे दोन फोन. दोनच का, तर एक लागत नाही म्हणून! आपल्याकडचं सांगायला नको, गडाच्या सावलीत रेंज कुठे असते? बाप मार्केट यार्डात हमाली करतो, आई शेतावर, फोन घरात खुंटीला. मग तिनं काय करावं? "पारावरच्या दुकानदाराचा नंबर द्या, तिथे रेंज येते," म्हणाली. क्लार्क हसला म्हणे. पण पुढच्याच आठवड्यात एका पोराचा हात मोडला, आणि निरोप पोचला तो त्या दुकानदाराच्याच फोनवरून. मग नाही हसला.

आणि गोळी द्यायची म्हणाल तर... अहो, एका मोठ्या घरच्या आईनं फोनवर किती तमाशा केला! "डोकं दुखतंय माझ्या मुलाचं, एक क्रोसिन द्यायला काय जातं तुमचं?" ही शांतपणे म्हणाली, "ताई, देते की. पण डॉक्टरांच्या लेखी सूचनेनं आणि त्याच्या वजनाच्या हिशेबानं. आणि दिली की वहीत लिहून तुम्हाला कळवते." त्या शाळेत आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात ना, त्यांच्याकडून तिनं पहिल्याच आठवड्यात लिहून सही करून घेतलेलं होतं, ताप असला तर काय, उलटी असली तर काय, आणि कधी काहीही न देता सरळ गाडीत घालायचं. आधी काय चालायचं? रेक्टरबाईंच्या पर्समधली गोळी. अर्धी ह्याला, अर्धी त्याला.

तर काय सांगत होते... हो, कार्डं. त्या कार्डांवरूनच पुढचं निघालं. एका मुलीच्या फॉर्मवर सगळीकडे नुसतं "नाही, नाही, नाही". हिला शंका आली. आईला बोलावून घेतलं, दार लावून बोलली. आई बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत. मुलीला फिट येते हो! प्रवेश मिळणार नाही म्हणून लपवलेलं. गोळ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, पोर चोरून घ्यायची, कधी चुकायची.

मुलगी कुणाची? तेच तर! मावशींना नाव माहीत नाही, त्यांनी फक्त आईला पाठमोरी बघितली. मी मुद्दाम नाचणीचे लाडू घेऊन गेले खालच्या आळीला. म्हटलं, "काय गं, ऐकलं ते खरं का? आपल्याच खोऱ्यातली ना ती?" तर म्हणाली, "काकू, लाडू छान झालेत." बस्स. मी म्हटलं, "अगं, मी काय कुणाला सांगणार आहे?" तर हसली नुसती. वहिनी, ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

पण एक केलं तिनं. नाव न घेता सगळ्या शिक्षकांना शिकवलं, फिट आली तर काय करायचं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली तर गाडी बोलवा. कांदा नाही, चप्पल नाही! संस्कृतचे सर म्हणे उठून म्हणाले, "आमच्याकडे तर चप्पलच हुंगवतात." ही म्हणाली, "सर, फिट तिची तीच थांबते. श्रेय चप्पल घेऊन जाते." सगळे हसले, सर सोडून.

आता खरी गंमत सांगते. ह्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. जवळ या आणखी.

जुलैत तिच्या दाराशी रांग लागायला लागली. पोटात दुखतंय, पोटात दुखतंय. आणि नेमकं गणिताच्या तासाला. गणिताचे सर तर टपलेलेच, "सिस्टर, ही सगळी नाटकं आहेत, हाकलून द्या." रेक्टरबाई म्हणाल्या, "लाडावल्यात." आता त्यातल्या काहींची नाटकं होतीच, मी नाही म्हणत नाही. आपणही केलीत की. पण हिनं काय केलं, तर वही काढून बसली. कोण येतं, कधी येतं, कुठून येतं. मुलगे होते ते गणिताचेच निघाले, ते सोडून द्या. पण मुलींचं वेगळंच दिसलं. त्या कुठल्याही तासाला येत होत्या, आणि बहुतेक सगळ्या एकाच मजल्यावरच्या. त्यातल्या दोघी-तिघी हळूच म्हणाल्या, लघवीला जळजळतं.

मग ही स्वतः गेली त्या मजल्यावर. तिथल्या दोन संडासांना आतून कडीच नाही! कधी तुटली देव जाणे. मुली जायच्याच नाहीत दिवसभर. आणि जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. दुखणार नाही तर काय होणार पोट?

ती वही घेऊन साहेबांकडे गेली. आरडाओरडा नाही, तक्रार नाही, नावं झाकलेली, फक्त मजला आणि तारखा दाखवल्या. साहेब म्हणाले, "पण हे मेडिकल कुठे आहे? हे तर मेंटेनन्स आहे." ही म्हणाली, "सर, औषध लिहून देऊ का? दोन कड्या." ... अहो, मावशी मला हे सांगताना इतक्या हसत होत्या की त्यांना ठसका लागला. रेक्टरबाईंचं तोंड मात्र एवढंएवढं झालं, कारण त्या मजल्यावरून रोज राउंड घ्यायच्या त्याच. दुसऱ्या दिवशी सुतार आला. जळजळ होणाऱ्या मुलींना तिनं डॉक्टरांना दाखवलं, त्यांची औषधं झाली. आणि बाकीची रांग? ऑगस्टात निम्मीसुद्धा उरली नाही. गणिताचे मुलगे तेवढे अजून येतात.

त्याच वेळी पॅडचं पण केलं तिनं. आधी पॅड रेक्टरबाईंच्या कपाटात, कुलपात, आणि मागायला गेलं की वहीत नाव, तेही मोठ्यानं विचारून! सरकारनं २०१८ साली अस्मिता योजना काढली, झेडपीच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड, आणि इथे इतकी फी घेणाऱ्या शाळेत ही तऱ्हा. हिनं सिक रूमच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. दार ढकलायचं, घ्यायचं, जायचं. कुणी विचारायचं नाही. रेक्टरबाई म्हणाल्या, "हिशेब कसा लागणार?" ही म्हणाली, "संपले की आणायचे, हाच हिशेब."

आमच्या ह्यांना तर भारीच कौतुक तिचं. रिटायर झाल्यापासून ह्यांना कुणी ऐकणारं मिळत नाही, आणि ती ऐकते, तीही त्यांना सांगते. तिनंच सांगितली त्यांना ती अमेरिकेतल्या बाईची गोष्ट. लिना रॉजर्स. १९०२ साल, न्यूयॉर्क. शाळेत डॉक्टर यायचे, पोरांच्या डोक्यात उवा, अंगावर गजकर्ण, डोळे आलेले, दिसलं की चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. आणि पोर घरी गेलं की गेलंच! आईला चिठ्ठी वाचता येत नाही, औषधाला पैसे नाहीत, पोर रस्त्यावर खेळतंय. मग लिलियन वॉल्ड नावाच्या बाईंनी आपली ही नर्स दिली, चार शाळांना मिळून एक, आणि महिनाभर बघा म्हणाल्या. ही रॉजर्सबाई शाळेत मलमपट्टी करायची आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना दाखवायची, हे असं धुवा, हे असं लावा. त्या सप्टेंबरात दहा हजारांच्या वर पोरं घरी धाडली होती, पुढच्या सप्टेंबरात अकराशे!

हे ऐकून आमचे हे काय गप्प बसतात? "अगं, आपल्याकडे सयाजीरावांनी बडोद्यात १९०९ साली शाळेतल्या मुलांची डॉक्टरी तपासणी सुरू केली. देशात पहिली." आणि मग सासूबाईंकडे वळून, "आणि त्याच १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं. बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, विधवांनासुद्धा. लोक काय म्हणतील, हे तेव्हाही होतंच." सासूबाई सुपातले तांदूळ पाखडत होत्या, त्यांनी सूप जरा जोरातच आपटलं. सरपंचांचे भाऊ तिथेच होते, ते म्हणाले, "आणि ती भोर समिती आपल्याच भोरची ना?" ह्यांनी कपाळाला हात लावला. जोसेफ भोर नाशिकात जन्मलेले हो, आपल्या भोरशी संबंध नाही. पण १९४६ साली त्यांच्या समितीनं आरोग्याचा अहवाल दिला म्हणून पुढे गावोगाव पीएचसी झाली, आपलं करंजावण्याचंसुद्धा त्याच वळणाचं. शाळेतल्या पोरांच्या आरोग्याचंही त्यात लिहिलेलं. पुढे १९६० साली रेणुका राय बाईंची एक समिती शाळांच्या आरोग्यासाठीच नेमली. समित्यांना तोटा नाही आपल्याकडे.

म्हणजे लिहून सगळं झालं, नर्स तेवढी आली नाही.

आता आपल्या शाळेचंच घ्या. गाडी येते ना वर्षातून एकदा, दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधवाले? ते बाल स्वास्थ्यवाले हो. २०१३च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालं ते, पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. अंगणवाडीत दोनदा, शाळेत एकदा. वाईट नाही म्हणत मी. हृदयाला भोक आहे, ओठ फाटलेला आहे, पाय वाकडा आहे, असली पोरं ते हुडकतात आणि पुढचं ऑपरेशन फुकटात होतं. आपल्या वरच्या वाडीतल्या बारक्याचं नाही का... जाऊ दे, ते सगळ्यांना माहीतच आहे. पण पोटात दुखतं ते काय गाडीचं वेळापत्रक बघून? एरवी नर्स कोण, तर गुरुजी. खिचडी गुरुजींची, मतदारयादी गुरुजींची, आणि २०२० पासून शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत पण केलंय. दूतच आहेत बिचारे, निरोप पोचवायला.

गोळ्यांच्या वेळी काय झालं आठवतं ना? निळी गोळी. नळावर कुणी उठवलं, मी नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंतच, की ही गोळी खाल्ली की पोरींना पुढे मूल होत नाही! दोन सोमवार पोरी गोळी जिभेखाली ठेवून बाहेर जाऊन थुंकत होत्या. तेव्हा ही पुण्याहून सुट्टीला आलेली होती. ती गेली नळावर, हंडा घेऊन. भाषण नाही केलं. म्हणाली, "अहो काकू, लोहाचीच गोळी ती. गरोदरपणी तुम्ही लाल खाल्लीत ना, तिचीच धाकटी बहीण. लहान पोरांना गुलाबी, दहाच्या पुढच्यांना निळी, आठवड्याला एक. जेवणावर घ्यायची, उपाशी घेतली की मळमळतं. शी काळी होते, घाबरायचं नाही." आणि ज्यांनी उठवलं त्यांच्याकडे बघून, "तुम्ही लाल खाल्लीत, तुम्हाला चार झाली की." अहो, हंडे बाजूला ठेवून हसल्या बायका! त्यांचा मात्र चेहरा... सांगू नये असा.

तर काय सांगत होते... हां, विंचू! विंचवाचं राहिलंच की.

शाळेत तिनं भिंतीवर एक कागद लावलाय. १०८, पीएचसीचा फोन, ग्रामीण रुग्णालयाचा, भोरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा, ड्रायव्हरचा, आणि रात्री गेटची किल्ली कुणाच्या उशाशी असते त्याचं नाव. हे शेवटचं कुणाला सुचलं असतं? साप चावला तर आवळून बांधायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इंजेक्शन चालतं, मुंबईच्या हाफकिनमध्ये बनायचं ते. पावसाळा तोंडावर असताना तिनं दवाखान्यात स्वतः जाऊन विचारलं म्हणे, "आहे ना शिल्लक?" तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, अजून चावलाय कुठे कुणाला?" ही म्हणाली, "म्हणूनच आत्ता विचारतेय."

आणि इथे, आपल्या पालीत, गवताचा भारा उचलताना त्या गड्याला इंगळी डसली ना, लाल विंचू? तेव्हा मी होते तिथे. माणूस घामानं निथळत होता, हातपाय गार, उलटी झाली. त्याची बायको भगतबाबांना घेऊन आली. ही पण धावत आली, रविवार होता, घरीच होती. आधी त्याची अंगठी काढली, टेकवून बसवला, एका पोराला पारावर पिटाळलं फोनला. बाबा मंत्र सुरू करणार तेवढ्यात हिनं हात जोडले. "बाबा, मंत्र म्हणा, माझी ना नाही. पण गाडीत बसून म्हणा."

बाबांचा चेहरा! चाळीस वर्षं विंचू उतरवतात, आणि कालची पोर सांगते गाडीत बसा. सगळं गाव बघतंय. पण बसले हो! मला वाटतं, गाडीत बसायला मिळालं म्हणूनच बसले. वेल्ह्यापर्यंत म्हणे मंत्र चालू होता. आता वेल्हे नाही, राजगड तालुका म्हणायचं, पण जिभेला वळण नको का? गडी वाचला. बाबा म्हणतात मंत्रानं, डॉक्टर म्हणतात गोळीनं.

ती गोळी म्हणजे पण आपल्या वरंधा घाटाखालचीच गोष्ट आहे. महाडचे डॉक्टर बावसकर, हिंमतराव. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात आले, तेव्हा कोकणात विंचवानं पोरं पटापट जायची, जोराचा दंश झालेली दहातली तीन. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बसून बघितलं की विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी होतं. आणि ब्लडप्रेशरची एक गोळी, प्राझोसिन, ती वेळेवर दिली तर माणूस वाचतो. आता शंभरात चार-दोन जातात, तेही उशिरा पोचलेले. पद्मश्री मिळाली त्यांना २०२२ साली. ही सगळी कहाणी तिनं बाबांनाच सांगितली, परत येताना. आणि बाबा आता काय सांगत फिरतात माहितीये? "महाडच्या डाक्टरचा आन माझा इलाज येकच हाये, त्याला गाडी लागती."

सासूबाईंचं तर आता बघायलाच नको. काल मी गेले तर ओटीवर चार बायका गोळा करून सांगत होत्या, "आमची सिस्टर साळंत हाये म्हनून साळा चालती." जूनमध्ये नाकं पुसायला जाणार होती ती हीच बरं का. मी काही बोलले नाही. म्हटलं, बाई, तुझा दिवस आहे.

तेवढ्यात ही आली शाळेतून, पाय धुतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, चेहरा लाल दिसतोय, बसा जरा, बीपी बघते." मी म्हटलं, आयती संधी आलीये. पट्टा गुंडाळत होती तेव्हा हळूच विचारलं, "ती फिटची मुलगी... आडनाव तरी सांग." तर म्हणते, "काकू, बीपी बघताना बोलायचं नसतं, आकडा वाढतो." दोनदा बघितलं तिनं. मग वहीत लिहिलं. सासूबाई मान लांब करून आल्या, "किती हाय गं काकूचं?" आणि वहिनी, तिनं वही मिटली! सख्ख्या सासूसमोर! म्हणाली, "आई, ते काकूंना विचारा." सासूबाईंचा चेहरा असा पडला की काय सांगू. मी कशाला सांगतेय? उठले, पदर सावरला, करंजावण्याला जाऊन डॉक्टरांना दाखवते म्हटलं आणि तडक घरी आले.

वरचा १६० आहे. पण तुमच्याजवळच ठेवा हं, कुणाला बोलू नका.